दादांच्या रायफलची शिट्टी

यंदा पौषात गावी गेले ती हुरडा खायला. निदान घरी नवऱ्याला तसंच सांगितलं. खरं म्हणजे थंडी पडून ज्वारीची कणसं भरायला लागली की पुण्याच्या फ्लॅटमध्ये माझा जीव रमत नाही. बाल्कनीतल्या कुंड्यांकडे बघितलं तरी मला पारनेरमागचा आमचा माळ दिसतो, दवानं ओली झालेली ताटं दिसतात, आणि मग मी उगाच सगळ्यांवर चिडचिड करत सुटते. शेवटी लेकच म्हणाली, चल आई, जाऊन येऊ एकदाचं.

अंगणातच आगटी पेटवली होती. गोवऱ्यांचा निळसर धूर, भाजलेल्या कणसांचा वास, ताटलीत लसणाची चटणी आणि गूळ. मी गरम कणीस तळहातावर चोळत होते आणि लेक शेजारी बसून फुंकर मारून दाणे वेगळे करत होती. आत घरात दादा, म्हणजे माझे वडील, आईच्या खांद्याला मलम चोळत होते. आईचा उजवा खांदा दिवाळीपासून धरलाय, हात वर जात नाही. दादांचं वय ऐंशीच्या पुढं, पण आवाज अजून फौजेतलाच. दाराआडून तो आवाज आला, "कमी का जास्त?"

मला असं हसू फुटलं की दाणे घशातच अडकले. लेक पाठ चोळायला धावली, काय झालं काय झालं म्हणून विचारत राहिली. आता 'कमी का जास्त' यात हसण्यासारखं काय आहे, हे त्या पोरीला कसं सांगावं? तिला त्यासाठी एक अख्खा हिवाळा सांगावा लागणार, आणि तिला कुठं एवढा दम आहे. म्हणून इथं सांगते.

नव्वदनंतरचा काळ. माझं डी.एड. झालं होतं आणि नेमणुकीची वाट बघत मी घरी बसले होते. घरी बसलेल्या मुलीला जे दिसतं ते शाळेत जाणाऱ्या मुलीला दिसत नाही. सकाळी विहारातून येणारा वंदनेचा आवाज, मग आईच्या भाकरीची थापटी, मग ज्वारीवर उतरलेल्या पाखरांना हाकलायला शेताशेतातून उठणाऱ्या हाळ्या. ऊन चढेपर्यंत सगळा वाडा शेकोट्यांभोवती बसलेला. आणि रविवारी या सगळ्यावर चढणारा एक वेगळाच वास, दादांच्या रायफलच्या तेलाचा. दादा ओसरीत पोतं अंथरून, चष्मा नाकावर ओढून, फलालीनच्या फडक्यानं रायफल पुसत बसायचे. आत आई मिरचीला फोडणी द्यायची. तेल आणि मिरची मिळून जो वास व्हायचा, त्याला मी आजतागायत रविवारचा वास म्हणते.

दादा तोफखान्यात होते. हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि गाव त्यांना तेव्हापासून हवालदारच म्हणतं. घरी आल्यावर त्यांनी परवाना काढून एक रायफल घेतली, ती कुणाला मारायला नाही, डुकरांनासुद्धा नाही. ती होती चांदमारीसाठी. तालुक्यातल्या माजी सैनिकांनी डोंगराच्या पायथ्याला, रीतसर परवानगीनं, नेमबाजीचं एक मैदान राखलं होतं. मागं डोंगर, पुढं मातीचा उंच बांध, बाजूला लाल झेंडा. दर जानेवारीत तिथं सगळे पेन्शनर जमायचे, छातीवर पदकं लावून. बांधावर मडकी मांडायची आणि पालथं झोपून, लांबून, प्रत्येकानं आपापली पाच फोडायची. सगळ्यांत कमी वेळात फोडील त्याला बक्षीस म्हणजे एक फेटा. पण त्या फेट्यासाठी ही नातवंडंवाली माणसं वर्षभर एकमेकांना डिवचायची.

दादांनी तो फेटा बऱ्याचदा आणला होता. तरी त्यांची एक खंत होती. ती ते हसत हसत सांगायचे म्हणून कुणी मनावर घ्यायचं नाही. ते म्हणायचे, आम्ही तोफची. आमचा गोळा डोंगरापलीकडं पडायचा, कुठं पडला ते फोनवरून कुणीतरी सांगायचं. सगळी नोकरी अशी, आपण मारलेलं आपल्याला दिसलंच नाही. बरं, इकडं रायफल घेतली तर तिची वेगळी तऱ्हा. गोळी ज्या जोरानं पुढं जाते त्याच जोरानं बंदूक मागं येऊन खांद्यावर लाथ घालते, आणि लाथ घालताना नळीचं नाक वर उडतं. डोळ्यासमोर नुसती नळी आणि आभाळ. नाक खाली येईपर्यंत मडक्याची खापरं झालेली. फुटलं हे कळतं, फुटताना दिसत नाही. हे सांगून ते मिशीत हसायचे आणि पुन्हा फडकं फिरवायला लागायचे.

मग दादा पडले. युद्धात नाही, आमच्याच शेतात. ज्वारीच्या राखणीचा माळा असतो ना, चार लाकडांवर उभा केलेला, त्यावर उभे राहून ते गोफण फिरवत होते. दगड गेला चिमण्यांकडं आणि दादा आले खाली. गळ्याखालचं उजवीकडचं हाड मोडलं. वाड्यातल्या लोकांना विषयच मिळाला. हवालदारांना शत्रू पाडू शकला नाही, चिमण्यांनी पाडलं, असं जो तो म्हणून जायचा. दादाही हसायचे. हाड जुळलं, पण जुळलेल्या जागी एक गाठ राहिली. नगरच्या डॉक्टरांनी सगळी कामं करायला मुभा दिली, फक्त त्या जागी दणका बसू देऊ नका म्हणाले. आणि रायफलचा दस्ता टेकतो तो नेमका त्याच जागी.

त्या वर्षीच्या चांदमारीत दादा खुर्चीवर बसून दुसऱ्यांची फुटलेली मडकी मोजत होते. घरी आले आणि जेवलेच नाहीत. डाव्या खांद्यावर घेऊन बघा, असं कुणीतरी सुचवलं तर त्यांनी असं बघितलं की त्या माणसानं विषय बदलला.

आईला हे सगळं कळत होतं, पण ती बोलायची उलटंच. माझी आई म्हणजे सरळ बोलण्यात जिला कमीपणा वाटतो अशी बाई. पुढचा पावसाळा सरला होता आणि परवान्याची मुदत उन्हाळ्याआधी संपणार होती. तिनं भाकरी थापता थापता जाहीर केलं की आता तो परवाना पुढं वाढवायचा नाही, रायफल पोलीस ठाण्यात जमा करून टाकायची. दादा नुसते गप्प. ते गप्प बसले की आईचा जोर ओसरायचा. दोनतीन दिवस गेले. मग तिनंच तोडगा काढला. येत्या चांदमारीत दादांनी पाच गोळ्या माराव्यात. खांदा धड राहिला तर रायफल घरात राहील. दुखला, तर दुसऱ्या दिवशी ती स्वतः रायफल गोणपाटात गुंडाळून टेम्पोनं पारनेरला घेऊन जाईल.

"झोपंत कूस बदलताना बी कन्हता तुमी," ती म्हणाली. "मला ऐकू येत न्हाई व्हय?"

दादांनी मान डोलावली. झालं, करार ठरला. आता पाच गोळ्यांवर सगळं आलं होतं, आणि दादांना एकही गोळी न कण्हता मारता येण्यासारखी नव्हती. मी शेतात त्यांना पाण्याची बारी देताना बघायचे. माणूस फावडं मारायचा, थांबायचा, कुणी बघत नाहीसं पाहून त्या गाठीवर अंगठा फिरवायचा आणि पुन्हा फावडं मारायचा.

तोड निघाली ती तोफेमुळंच. दादांचे जुने दोस्त होते सुभेदारकाका, फौजेत हत्यारांच्या दुरुस्तीत गेलेली हयात, आणि चांदमारीचा सगळा कारभार त्यांच्याकडं. एकदा आमच्या ओसरीत चहा पिता पिता दोघं जुन्या तोफांच्या गप्पा मारत होते. मोठ्या तोफेच्या तोंडाला भोकं पाडलेला एक जाडजूड तुकडा असतो, गोळा सुटला की मागचा वायू त्या भोकांतून बाहेर पडतो आणि तोफेचा धक्का कमी होतो, असं काहीसं चाललं होतं. बोलता बोलता दादा मधेच थांबले. बशीतला चहा बशीतच. म्हणाले, तोफेला आहे ते रायफलला का नाही? काका म्हणाले, असतं की. मग दोघं एकमेकांकडं असे बघत राहिले की मला वाटलं यांच्या तोंडातून आता रणगाडा बाहेर पडतो.

नगरमध्ये परवान्यावर बंदुका दुरुस्त करणारे एक जुने कारागीर होते. सगळी कागदपत्रं करून, जी काय परवानगी लागते ती काढून, काही आठवड्यांनी दोघं एक वस्तू घेऊन आले. बोटाएवढी लांब, काळी कुळकुळीत पोलादी नळी. वरच्या अंगाला आणि दोन्ही कुशींना फटी, आणि त्यावर फिरणारं एक कडं. कडं एका बाजूला फिरवलं की वरच्या फटी जास्त उघडायच्या, दुसऱ्या बाजूला फिरवलं की कुशीच्या. रायफलच्या तोंडावर ते बसवायचं. वरच्या फटींतून वायू उसळला की नाक खाली दाबलं जातं, आणि कुशीतून निसटला की खांद्यावरची लाथ हलकी होते. कुठं किती उघडं ठेवायचं, ते ज्याच्या त्याच्या खांद्यानं ठरवायचं. हे सगळं दादांनी आईला जेवताना समजावलं, ताटातल्या भाकरीच्या तुकड्यांची रायफल करून.

आईनं ऐकून घेतलं आणि आमटी वाढत म्हणाली, "म्हंजी कुकरची शिट्टीच की."

दादांचा चेहरा पडला. एवढं तोफखान्याचं ज्ञान शिट्टीवर येऊन थांबलं. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं सुभेदारकाकासुद्धा भर मैदानात शिट्टी आणली का म्हणून विचारायचे, आणि नवखा माणूस त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीकडं बघायचा.

पहिल्या रविवारी आम्ही तिघं चांदमारीवर गेलो. आई येणार म्हटल्यावर सुभेदारकाका गडबडले, कारण तिथं बाईमाणूस कधी आलेलं नव्हतं. पण आईनं पदर खोचला आणि थेट लाल झेंड्याखाली जाऊन बसली. तिला तिच्या डोळ्यानं खांदा बघायचा होता.

दादा पालथे झोपले. गोळी सुटली, आणि पुढचं काही दिसलंच नाही. आमची ती माती, पाऊस सरला की तिचं पीठ होतं. शिट्टीतून उसळलेल्या वाऱ्यानं जमिनीवरची सगळी माती एकदम उचलली. मडकी गेली, बांध गेला, दादा गेले. आवाजही नेहमीसारखा पुढं न जाता कुशीला फुटला. शेजारी झोपलेल्या एका पेन्शनरांनी कानावर हात दाबून धरले आणि सुभेदारकाकांची टोपी मागच्या बाभळीत जाऊन अडकली. धुरळा बसला तेव्हा दादा उठून बसले होते. मिशा, भुवया, पापण्या पांढऱ्याफटक. आणि तशा अवतारात त्यांनी जाहीर केलं की धक्का अजिबात, अजिबात लागला नाही.

मी हसून हसून जमिनीवर बसले. पण आई हसली नाही. फौजी माणसाबरोबर इतकी वर्षं संसार तिनं उगाच केला नव्हता. दुखणं चेहऱ्यावर न दाखवणं हे फौजेत शिकवतात, हे तिला ठाऊक होतं. ती उठली, दादांना पुन्हा पालथं झोपायला लावून त्यांच्या बाजूला मांडी घालून बसली आणि आपला उजवा तळहात त्यांच्या खांद्याच्या पाठीमागं सपाट टेकवला.

"तुमाला कोन इचारतंय?" ती म्हणाली. "माजा हात सांगल. मारा आता."

सुभेदारकाकांना काय करावं कळेना. नेमबाजाच्या अंगाला हात लावायचा नाही हा तिथला कडक नियम. पण ही स्पर्धा नव्हे, नुसता सराव, असं स्वतःशीच पुटपुटत त्यांनी झेंड्याकडं तोंड फिरवलं. बाकीचे पेन्शनरही एकदम बांधाकडं, डोंगराकडं, आभाळाकडं बघायला लागले. मला त्या वेळी ते विचित्र वाटलं. घरी आल्यावर उमगलं. आमच्याकडं नवराबायको चारचौघांत रस्त्यानंसुद्धा मागंपुढं चालतात. दादा सुट्टीवर यायचे तेव्हा आई दारात तांब्या ठेवून आत निघून जायची, परत जायचे तेव्हा चुलीशी बसून राहायची. बावीस वर्षांची झाले होते मी, पण आईचा हात दादांच्या अंगावर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. तोही भर उन्हात, बंदुकीच्या आवाजात, अख्ख्या तालुक्याच्या पेन्शनरांसमोर.

तेव्हापासून दर रविवारी हे चाललं. दादा एक गोळी मारायचे, रायफल रिकामी करून बाजूला ठेवायचे, कडं केसभर फिरवायचे आणि पुन्हा झोपायचे. गोळी सुटली की न वळता विचारायचे, "कमी का जास्त?" आई डोळे मिटून क्षणभर थांबायची. मग म्हणायची, कमी. किंवा म्हणायची, मगापरीस जास्त हाय, माघारी फिरवा. म्हशीच्या पोटावर हात ठेवून ती गाभण आहे का सांगायची, तव्यावर हात धरून भाकरी टाकायची, तसाच हा तिसरा प्रकार. माझ्याकडं नळीचं काम होतं. मी कुशीला लांब उभी राहून, धुरळा वर चढायच्या आत, नाक किती उडतं ते बघायचे. एकदा वरच्या फटी जरा जास्तच उघडल्या तर नळीनं वर उडायचं सोडून खाली मान घातली. आई म्हणाली, लाजतीय.

एक मात्र होतं, कुशीचं उघडलं की खांद्याला बरं वाटायचं पण नाक उडायचं, आणि वरचं उघडलं की नाक बसायचं पण आईचा हात म्हणायचा जास्त. दोन्ही एकदम साधेना. दादा आपले नाक सोडून खांदा सांभाळायला तयार होते, कारण करार खांद्याचा होता. फुटलेलं मडकं दिसलं नाही तरी चालेल, म्हणाले, इतकी वर्षं कुठं दिसलं. पण पुढच्या रविवारी आईनं विचारायची वाट न बघता स्वतःच सांगायला सुरुवात केली, थोडं डावीकडं, अजून थोडं, हां, आता जरा माघारी. शेवटी एक जागा अशी सापडली की तिचा हात कमी म्हणाला आणि मला नळी जागच्या जागी दिसली. ती जागा हरवू नये म्हणून मी घरी आल्यावर कड्यावर आणि नळीवर माझ्या लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके दिले. सुभेदारकाका ते बघून म्हणाले, हत्याराला नटवायचं एवढंच बाकी होतं. पण पुसायला मात्र सांगितलं नाही.

राहता राहिला धुरळा. त्याला कुणाकडंच उपाय नव्हता. कुणी ताडपत्री म्हणालं, कुणी पोती. चांदमारीच्या दिवशी सकाळी आई अंधुक उजेडातच शेजारच्या दोघीतिघींना घेऊन बाहेर पडली. आम्ही मैदानावर पोचलो तो काय, जिथं नेमबाज झोपतात ती सगळी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत शेणानं सारवलेली. हाताची गोल गोल बोटं उठलेली, पुढं सडा घातलेला, कडेला तर कुणीतरी पांढऱ्या मातीची रेघ ओढलेली. माजी सैनिकांचं मैदान म्हणजे दिवाळीतलं अंगण झालं होतं. सुभेदारकाका कमरेवर हात ठेवून बघतच राहिले. धुरळ्याचं नाव नाही.

घोळ एकच झाला, आणि तो आमच्या बायकांनीच करावा असा. उन्हाळ्यात सारवण घटकाभरात वाळतं. पौषाच्या थंडीत ते दुपारपर्यंत वाळत नाही, हे इतक्या घाईत एकीच्याही ध्यानात आलं नाही. एकेक पेन्शनर कडक इस्त्रीचे कपडे घालून, पदकं झळकवत पालथे झोपले आणि उठले ते कोपर, गुडघे आणि पोट हिरवं करून. पदकांनासुद्धा शेण. पहिला उठला तेव्हा सगळे हसले, दुसरा उठला तेव्हा जरा कमी, आणि नंतर तर ज्यांचा नंबर झाला होता ते उरलेल्यांची वाट बघत आनंदानं उभे राहायला लागले. त्या वर्षीच्या फोटोत ओळीनं सगळे सरळ छातीनं उभे आहेत आणि सगळ्यांच्या पोटावर एकसारखा डाग आहे. आई पदराआड तोंड लपवून बसली होती. तिला मी एवढी खजील कधी बघितली नव्हती, आणि एवढी गोडही.

दादांचा नंबर आला. त्यांनी जय भीम म्हणून दोस्तांना हात केला, लाल ठिपक्यावर लाल ठिपका आला का बघितलं आणि झोपले. आई सवयीनं उठून त्यांच्या बाजूला जाऊन बसली, हात पुढं केला. सुभेदारकाका जवळ आले. फार हळू आवाजात म्हणाले, वहिनी, आज स्पर्धा आहे, हात लावता येणार नाही. आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग आपल्या हाताकडं. तो हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवून दुसऱ्या हातानं धरून ठेवला. इतके रविवार त्या हाताशिवाय दादांनी एकही गोळी मारली नव्हती. आणि हाताशिवाय खांद्याचं खरं काय ते कळणार कसं?

पहिलं मडकं फुटलं. दुसरं फुटलं. दादा सावकाश होते, मधे बराच वेळ घेत होते. प्रत्येक गोळीला आईचे खांदे आपोआप वर व्हायचे, जणू दस्ता तिच्याच हाडावर बसतोय. तिनं डोळे गच्च मिटले होते. तिसरं फुटलं, चौथं फुटलं. मला कराराची आठवण नव्हती, मडक्यांची नव्हती, मी फक्त दादांच्या मानेमागची शीर बघत होते. पाचवी गोळी सुटली. मडकं फुटलं. टाळ्या झाल्या.

आणि दादा उठेनात.

रायफल त्यांनी नियमाप्रमाणं रिकामी करून पुढं ठेवली, पण स्वतः तसेच पालथे. कपाळ हातावर टेकलेलं आणि पाठ थरथरतीय. टाळ्या विरल्या. कुणीतरी म्हणालं, खांदा गेला वाटतं. सुभेदारकाकांनी हातातला झेंडा टाकला आणि पुढं धावले, पण त्यांच्याआधी आई पोचली. ओल्या सारवणात गुडघे टेकून तिनं दादांना दोन्ही हातांनी वळवलं. दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. असे हसत होते की शब्द फुटत नव्हता.

"दिसलं," ते म्हणाले. "अगं, फुटताना दिसलं. पाचही."

कुणाला लगेच कळलंच नाही. मला कळलं. नळीचं नाक जागच्या जागी राहिलं होतं. सगळी नोकरी आणि इतक्या चांदमाऱ्या झाल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा दादांनी आपल्या गोळीनं मडकं फुटताना, खापरं उडताना, मागं मातीचा फवारा उठताना आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा नाही, पाच वेळा. मलाही रडू फुटलं आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

आई मात्र अजून करारावरच होती. दादांचं बोलणं चालू असतानाच तिनं हात त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यातून आत घातला, सगळ्यांदेखत, आणि त्या गाठीवर बोटं ठेवून सावकाश दाबून बघितलं. दादा तिच्याकडं बघत होते, आम्ही दादांकडं. ते कण्हले नाहीत, आणि न कण्हण्याचं सोंगही करत नव्हते, एवढं तिला तिच्या हातानं सांगितलं असावं.

"हाय जाग्यावर," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या बंदूक."

त्या दिवशी पेन्शनरांपैकी कुणी डोंगराकडं बघितलं नाही. उलट सगळे राजरोस त्या दोघांकडं बघत होते आणि टाळ्या वाजवत होते. फेटा दुसऱ्याच कुणीतरी नेला, कारण दादांनी वेळ फार घेतला होता. वाटेनं घरी येताना दादा पुढं आणि आई मागं, असेच चाललो, पण दर थोड्या वेळानं दादा वळून तिला एकेक मडकं कसं फुटलं ते पुन्हा सांगत होते. दुसऱ्याचं म्हणे तोंड तेवढं वेगळं उडालं. आई म्हणत होती, बरं बरं, पुढं बघून चाला.

पुढं बरीच वर्षं दादा चांदमारीला जात राहिले आणि बायका जमीन सारवत राहिल्या, आदल्या दिवशी. मग डोळे थकले तशी दादांनी स्वतःच्या हातानं रायफल जमा केली. शिट्टीही तिच्याबरोबर गेली, लाल ठिपक्यांसकट. कुणाला वाईट वाटलं नाही, त्यांनाही नाही. बघायचं ते बघून झालं होतं.

हे सगळं आठवेपर्यंत माझ्या तळहातावरचा हुरडा गार झाला होता. मी लेकीला खुणेनं गप्प केलं आणि दाराच्या फटीतून आत बघितलं. आई पाटावर पाठमोरी बसली होती. दादांचा सुरकुतलेला तळहात तिच्या खांद्यावर सपाट टेकलेला. मलम केव्हाच जिरून गेलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, कमी का जास्त?

आईनं मान जराशी त्या हाताकडं कलवली. मग म्हणाली, "हात काढू नका. सांगते सावकाश."